औषध सोसवण्याची गोष्ट

परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास ‘केमोथेरपी’ हा शब्द क्वचितच ऐकू येतो. ‘तिसरं सलाईन झालं’, ‘पुढचं सलाईन सोमवारी’ असं लोक बोलतात. रेडिएशन म्हणजे शेक. रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या की ‘काउंट पडले’. आणि कुणी उपचार अर्धवट सोडून गावी परतलं, तर त्याचं कारणही थोडक्यात सांगितलं जातं: ‘सोसवलं नाही.’

कर्करोगाच्या औषधांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्यात शोध असतात, प्रयोगशाळा असतात, नव्या रेणूंची नावं असतात. ओकारीसाठी उशाशी ठेवलेलं भांडं, तोंडातले फोड, फोडणीचा वास आला तरी उठून जाणारा माणूस, रुग्णालयाजवळ मिळालेली किंवा न मिळालेली खोली यांना त्यात फारशी जागा नसते. पण गेल्या ऐंशी वर्षांत जे बरे झाले, त्यांच्यातले कितीतरी जण जुनंच औषध सोसवू लागल्यामुळे बरे झाले. तो इतिहास वेगळा काढून सांगावा इतका मोठा आहे.

या औषधांचा जन्मच दुष्परिणामातून झाला. पहिल्या महायुद्धात मस्टर्ड वायूने मेलेल्या सैनिकांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या हाडांतला मगज ओसाड पडलेला आणि पांढऱ्या पेशी नाहीशा झालेल्या दिसल्या. १९१९ मध्ये तशी नोंदही प्रसिद्ध झाली. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत येल विद्यापीठातल्या लुईस गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांनी त्याच नोंदीकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. हे विष पांढऱ्या पेशी मारत असेल, तर त्याच पेशींच्या कर्करोगावर ते का चालू नये? ऑगस्ट १९४२ मध्ये लिम्फोमाच्या एका रुग्णाला नायट्रोजन मस्टर्डची इंजेक्शनं दिली गेली. मानेवरच्या आणि छातीतल्या गाठी मेणासारख्या विरघळल्या. पण रक्तातल्या पेशीही कोसळल्या, पुढचा डोस देता येईना, गाठी परत आल्या आणि काही महिन्यांत तो रुग्ण गेला. औषध आणि दुष्परिणाम या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे पहिल्या रुग्णातच दिसून आलं होतं.

त्या वेळी मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, पाठोपाठ १९३२ मध्ये सर दोराबजी गेले, आणि त्यांच्या विश्वस्त निधीतून उभ्या राहिलेल्या या रुग्णालयाचं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उद्घाटन झालं. खाटा ८०. हातातली शस्त्रं दोनच, चाकू आणि किरण. इथले मूळ गोव्याचे शल्यचिकित्सक डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचं नाव आज रुग्णालयासमोरच्या रस्त्याला आहे, आणि दुरून आलेल्या रुग्णांसाठी वांद्र्याला जे निवास आहे, त्यालाही. शल्यचिकित्सकाचं नाव राहण्याच्या जागेला दिलं गेलं, यात एक अर्थ आहे. त्याकडे पुढे येऊ.

सोसवण्याच्या इतिहासातलं पहिलं मोठं पाऊल रक्ताचं. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एमिल फ्रायराइक हा तरुण डॉक्टर रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांच्या वॉर्डात काम करत होता. ती मुलं कर्करोगाने मरण्याआधी रक्तस्रावाने मरत. नाकातून, हिरड्यांतून रक्त थांबत नसे. उशा, भिंती लाल होत. फ्रायराइकने स्वतःच्या रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, मुलांच्या रक्ताच्या नमुन्यात मिसळून पाहिल्या आणि रक्त गोठलं. ताज्या प्लेटलेट्स दिल्या तर मूल तगतं आणि पुढचा डोस देता येतो, हे त्याने दाखवून दिलं. पुढे आयबीएममधले एक अभियंते, जॉर्ज जडसन, त्याच्या मदतीला आले. त्यांचा मुलगा याच आजाराने आजारी होता. दात्याचं रक्त फिरवून त्यातल्या हव्या त्या पेशी वेगळ्या काढणारं यंत्र या दोघांच्या खटपटीतून तयार झालं. आज मुंबईत एखाद्या मुलासाठी ‘प्लेटलेट्सचा डोनर हवाय’ असा निरोप फिरतो, तेव्हा दाता ज्या यंत्राला हात देऊन बसतो त्याचं मूळ एका बापाच्या धडपडीत आहे. प्लेटलेट्स साधारण पाच दिवसच टिकतात. त्यामुळे त्या साठवून चालत नाही, माणसं सतत लागतात.

आता ‘सलाईन’कडे. हा शब्द कुणाला अडाणीपणाचा वाटेल, पण त्यात वैद्यकाचं एक महत्त्वाचं पान दडलेलं आहे. १९६५ मध्ये मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणू विभागायचे थांबले आणि शेवयांसारखे लांब होत गेले. शोध घेता घेता कळलं की यात विजेचा हात नाही. प्लॅटिनमच्या तारांतून सुटलेल्या संयुगाने पेशींचं विभाजन रोखलं होतं. तेच सिस्प्लॅटिन. पण माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांत मूत्रपिंडं निकामी होऊ लागली आणि हे औषध बाद व्हायच्या बेतात आलं. त्याला वाचवलं पाण्याने. १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी औषधाच्या आधी आणि नंतर शिरेतून भरपूर सलाईन देऊन, लघवी वाढवणारं मॅनिटॉल जोडून मूत्रपिंडं सांभाळता येतात हे सिद्ध केलं. इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी १९७४ मध्ये वृषणाच्या कर्करोगाच्या रुग्णांना सिस्प्लॅटिन दोन जुन्या औषधांबरोबर दिलं, आणि फुप्फुसांपर्यंत पसरलेला आजार पूर्ण बरा होऊ लागला. १९७८च्या डिसेंबरात अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. म्हणजे परळच्या फुटपाथवरची बाई ‘नवऱ्याचं सलाईन आहे’ म्हणते तेव्हा ती काही चुकीचं बोलत नाही. मिठाच्या पाण्यावाचून त्या औषधाला वापरण्याजोगं रूप आलंच नसतं.

मूत्रपिंडं वाचली, पण ओकाऱ्यांचं काय?

सिस्प्लॅटिन दिल्यावर पहिल्या चोवीस तासांत दहा-दहा, बारा-बारा वेळा उलटी होई. पोटात काही उरलं नाही तरी उमासे थांबत नसत. बरा होऊ शकणारा तरुण रुग्ण ‘मेलो तरी चालेल, पण हे नको’ म्हणून निघून जाई. पुढे पुढे तर औषध मिळण्याआधीच उलटी होऊ लागे. रुग्णालयाचं फाटक दिसलं, स्पिरिटचा वास आला, नर्स समोरून आली की पोट ढवळायचं. डॉक्टरांनी याकडे बराच काळ ‘मनाचा खेळ’ म्हणून पाहिलं. १९८०च्या सुमारास गॅरी मॉरो यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की ही शरीराला लागलेली सवय आहे, घंटा वाजली की लाळ सुटणाऱ्या कुत्र्यासारखी, आणि स्नायू शिथिल करण्याच्या सरावाने ती बऱ्याच अंशी उतरते.

उपायांची पहिली वाट रुग्णांनीच दाखवली. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बॉस्टनमधल्या काही तरुण रुग्णांनी डॉक्टरांना सांगितलं की गांजा ओढून आलो की उलटी कमी होते. डॉक्टरांनी त्यांना हाकलून लावलं नाही. गांजातल्या द्रव्याची रीतसर चाचणी घेतली आणि १९७५ मध्ये ती प्रसिद्ध केली. मग १९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड ग्राला यांनी मेटोक्लोप्रामाइड हे जुनंच औषध नेहमीच्या कितीतरी पट मात्रेत शिरेतून देऊन सिस्प्लॅटिनची उलटी आटोक्यात आणली. हेच औषध आपल्याकडे ‘पेरिनॉर्म’ म्हणून घरोघर ठाऊक आहे. एवढ्या मोठ्या मात्रेतलं ते नेमकं कुठे काम करतं, हे शोधताना संशोधक आतड्यांपर्यंत पोचले. केमोने दुखावलेल्या आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात, ते मज्जातंतूच्या टोकाला जाऊन बसतं आणि मेंदूला उलटीचा निरोप जातो. ती बसायची जागाच अडवायची, या कल्पनेतून ऑन्डान्सेट्रॉन तयार झालं.

१९९१ हे साल मराठी वाचकाला आर्थिक उदारीकरणामुळे आठवतं. केमो घेणाऱ्यांच्या दृष्टीने ते वेगळ्या कारणांनी मोठं. जानेवारीत अमेरिकेत ऑन्डान्सेट्रॉनला परवानगी मिळाली. फेब्रुवारीत फिलग्रास्टिमला, म्हणजे पडलेले काउंट वर आणणाऱ्या इंजेक्शनला. ऑस्ट्रेलियातल्या डोनाल्ड मेटकाफ आणि इतरांनी पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या द्रव्यांवर वर्षानुवर्षं केलेल्या कामाचं ते फळ होतं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी तिसरी गोष्ट प्रसिद्ध केली, तिला परवानगीची गरजच नव्हती. फ्लुरोयुरॅसिल हे औषध शिरेत सोडण्याच्या पाच मिनिटं आधीपासून अर्धा तास बर्फाचे खडे तोंडात धरले, तर तोंडाच्या आतल्या रक्तवाहिन्या आकसतात, तिथे औषध कमी पोचतं आणि तोंड कमी येतं. औषधाची शरीरातली पातळी लवकर उतरते म्हणून एवढा अर्धा तास पुरतो. कोट्यवधी डॉलरच्या दोन शोधांच्या शेजारी हा बर्फ मानाने बसतो.

भारतात ऑन्डान्सेट्रॉन लवकर आणि स्वस्तात आलं. १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या रेणूवर मालकी नव्हती, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर होती. त्यामुळे इथल्या कंपन्यांनी आपली पद्धत शोधून ते बनवलं. आज ‘एमसेट’ची गोळी लहान मुलाला उलटी झाली तरी घरात सापडते. ती मुळात केमोसाठी जन्मली, हे देणाऱ्या आईला माहीतही नसतं.

या साखळीची एक ताजी कडी परळमध्येच जोडली गेली. ओलान्झापिन हे मनोविकारांवरचं औषध उलटी आणि मळमळ दोन्ही थांबवतं, हे २०१६ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने पक्कं झालं होतं. अडचण अशी की १० मिलिग्रॅमच्या मात्रेने माणूस दिवसभर गुंगीत राहतो. घरी परतायला लोकल पकडायची, मुलांना जेवायला वाढायचं, त्या बाईला ही गुंगी परवडत नाही. टाटा रुग्णालयाने चौथाई मात्रा, २.५ मिलिग्रॅम, पूर्ण मात्रेशी ताडून पाहिली. २०२४ मध्ये लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत निकाल आला: उलटी थांबवण्यात छोटी मात्रा मागे पडली नाही, गुंगी मात्र बरीच कमी झाली. या चाचणीतल्या बहुतेक रुग्ण स्तनांच्या कर्करोगाच्या स्त्रिया होत्या. नवा रेणू शोधण्याइतकीच ही मोठी कामगिरी आहे.

परळमधली याआधीची हकिगत मुलांची. २० मार्च १९८३ रोजी डॉ. सुरेश अडवाणी यांनी टाटात देशातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण केलं. रुग्ण नऊ वर्षांची मुलगी, मगज दिला तिच्या भावाने. बालपणी पोलिओ झालेले डॉ. अडवाणी स्वतः चाकांच्या खुर्चीतून वॉर्डात फिरत. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या इयन मॅग्राथ यांच्यासह मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी ‘एमसीपी ८४१’ ही उपचारांची आखणी सुरू झाली. तिच्यातली औषधं जगभर वापरली जाणारीच होती. तरी अडचण वेगळ्या ठिकाणी आली. कुपोषित मूल त्याच मात्रेने जास्त कोसळायचं. काउंट पडलेले असताना मूल फुटपाथवर झोपलेलं असायचं, पाणी कुठलं पितंय ते ठाऊक नसायचं, आणि ताप चढला की रुग्णालयात पोचेपर्यंत उशीर व्हायचा. औषधांची आखणी अमेरिकेतून आणता आली. मुलाच्या अंगावरचं मांस आणि डोक्यावरचं छप्पर इथेच उभं करावं लागणार होतं.

म्हणूनच या इतिहासात धर्मशाळेला शोधाइतकी जागा द्यायला हवी. बोर्जेस यांचं नाव राहण्याच्या जागेला दिलं गेलं, त्यातला अर्थही हाच. गाडगे महाराजांनी नाशिक, पंढरपूर, देहू, आळंदीला वारकऱ्यांसाठी धर्मशाळा बांधल्या. त्यांच्या नावाने चालणाऱ्या दादरच्या धर्मशाळेत आज बिहार, बंगाल, विदर्भातून आलेले कर्करोगाचे रुग्ण राहतात. परळला नाना पालकर स्मृती समितीने १९६८ पासून रुग्णसेवा सदन चालवलं. जीवनज्योत संस्थेने १९८०च्या दशकात टाटाच्या परिसरात रुग्णांना जेवण द्यायला सुरुवात केली. २००६ मध्ये श्यामा आणि निहाल कविरत्ने यांनी मुंबईत सेंट जूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स काढली. तिथे उपचार घेणाऱ्या मुलाच्या कुटुंबाला स्वच्छ खोली मिळते, शिधा मिळतो, आणि सामायिक स्वयंपाकघरात प्रत्येक आईला स्वतःची शेगडी. ही शेगडी फार महत्त्वाची. केमोनंतर चव गेलेल्या मुलाच्या घशाखाली कॅन्टीनची थाळी उतरत नाही. आईच्या हातचा मऊ भात, वरणाचं पाणी, बंगालच्या आईने केलेला माशाचा पातळ रस्सा, बिहारच्या आईने कालवलेलं सातू उतरतं. २००९ च्या सुमारास टाटाच्या बालविभागात पाचातलं एक मूल उपचार नाकारत किंवा अर्ध्यावर सोडत होतं. राहणं, खाणं, पैसा, समुपदेशन यांची सांगड घातल्यावर काही वर्षांत ते प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आलं. एवढा फरक पाडणारं औषध सहजी सापडत नाही. २०१३ पासून कडल्स फाउंडेशनच्या आहारतज्ज्ञ देशभरातल्या रुग्णालयांत अशा मुलांच्या पोषणाचं काम पाहू लागल्या. मुलाचं वजन आणि दंडाचा घेर मोजणं हा त्या कामाचा पाया.

खाण्याबद्दलची समजूतही बदलत गेली. काउंट पडले की कच्चं काही द्यायचं नाही, फळंसुद्धा नाहीत, हा नियम अनेक दशकं पाळला गेला. २००८ मध्ये ह्यूस्टनच्या एमडी अँडरसनमधल्या चाचणीत धुतलेली ताजी फळं-भाज्या खाणाऱ्यांना शिजवलेलंच खाणाऱ्यांपेक्षा जास्त संसर्ग झाला नाही. आपल्याकडे कापून ठेवलेलं कलिंगड आणि गाडीवरचा उसाचा रस यांच्याबाबतीत जुना नियमच बरा. पण घरी सोलून दिलेल्या केळ्याची भीती बाळगण्याचं कारण नाही.

तोंडाचा कर्करोग हे आपल्या तंबाखूच्या देशाचं खास दुखणं, आणि त्याचे उपचारही जेवणाच्या वाटेवरच घाव घालणारे. शस्त्रक्रियेनंतर नाकातून घातलेल्या नळीला इथे सगळे ‘राइल्स ट्यूब’ म्हणतात. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातल्या जॉन राइल यांनी १९२१ मध्ये तिचं वर्णन केलं होतं. त्या नळीतून घरी वाटून, गाळून दिलेली पेज, दूध, डाळीचं पाणी यांवर माणूस आठवडेच्या आठवडे तगतो. शेक घेतल्यावर जबडा आखडतो. तो उघडत राहावा म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चळत दातांमध्ये धरायची आणि काही दिवसांनी त्यात एक काडी वाढवायची. रुग्ण प्रगती काड्यांत मोजतात. कालपर्यंत बारा मावत होत्या, आज तेरावी गेली.

विश्रांतीबद्दलचा समज सगळ्यात उशिरा मोडला. ‘पडून राहा, ताकद वाचवा’ हाच सल्ला सगळीकडे दिला जाई, आपल्या घरांत अजूनही दिला जातो. ओहायो राज्य विद्यापीठातल्या मेरी मॅकव्हिकर आणि मॅरिल विनिंगहॅम यांनी १९८०च्या दशकात केमो चालू असलेल्या स्तनांच्या कर्करोगाच्या स्त्रियांना आठवड्यातून तीनदा, दहा आठवडे, जागेवरच्या सायकलवर बसवलं. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांच्या नजरेला जे दिसतं ते त्यांनी मोजलं. स्त्रियांचा दम वाढला, आणि त्यांची मळमळही कमी झाली. बिछान्यात पडलं की स्नायू झिजतात, त्यामुळे थोड्या कामानेही थकवा येतो, म्हणून माणूस आणखी पडतो. हे चक्र सायकलच्या पायडलने मोडतं, हे तेव्हा धाडसाचं बोलणं होतं. २०१० मध्ये अमेरिकेतल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांच्या समितीने उपचार चालू असतानाही निष्क्रिय राहू नका असं स्पष्ट सांगितलं. अशक्तपणा फार असेल, हिमोग्लोबिन उतरलेलं असेल, हाडांत आजार असेल, तर डॉक्टरांना विचारून बेताने. पण खाटेपासून दारापर्यंतचं चालणंही मोजावं.

भारतात ही गोष्ट घरोघर पोचवली ती युवराज सिंगने. २०११ चा विश्वचषक जिंकून दिल्यावर छातीत गाठ निघाली, आणि तो गेला तो इंडियानापोलिसला, त्याच लॉरेन्स आइनहॉर्न यांच्याकडे. त्याच्या औषधांत सिस्प्लॅटिन होतंच. मार्च २०१२ मध्ये तिसरं आवर्तन संपलं. डोक्यावर केस नव्हते, अन्न जात नव्हतं. ११ सप्टेंबर २०१२ रोजी चेन्नईत न्यूझीलंडविरुद्ध तो पुन्हा भारताकडून खेळायला उतरला. मधल्या सहा महिन्यांत त्याने चालण्यापासून सुरुवात करून अंग परत मिळवलं होतं.

पोरांच्या विभागात हेच अंग परत मिळवणं वेगळ्या रूपात दिसतं. त्यांना मिळणारं व्हिन्क्रिस्टिन हे औषध सदाफुलीतून आलेलं आहे. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर १९५०च्या दशकात या झाडाच्या अर्कावर काम करत होते. मधुमेहावर त्याचा काही उपयोग होतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं, आणि सापडलं ते पांढऱ्या पेशी घटवणारं द्रव्य, व्हिन्क्रिस्टिनचं थोरलं भावंड व्हिनब्लास्टिन. अंगणात कुणी लक्षही देत नाही अशी ही फुलं कोकणापासून विदर्भापर्यंत बारमाही फुलतात. औषध रक्ताच्या कर्करोगावर चालतं, पण नसांना दुखावतं. मूल जबडा दुखतो म्हणतं, शौचाला कुंथतं, आणि चालताना पावलाचा पुढचा भाग खाली पडू लागतो, चप्पल घसरते. म्हणून तपासणीच्या वेळी मुलाला टाचांवर चालायला सांगतात. ज्याला काही पावलं तशी टाकता येतात, त्याच्या नसा ठीक आहेत. ज्याला येत नाहीत, त्याला फिजिओथेरपिस्ट पायाला आधाराची पट्टी लावतात आणि घरी रोज करायचा सराव शिकवतात. धर्मशाळेच्या बोळात, दोन्ही बाजूंना वाळत घातलेल्या कपड्यांमधून, मुलं मग टाचांवर चालण्याची शर्यत लावतात, आणि दाराशी बसलेल्या आया कुणाची किती पावलं झाली ते मोजत राहतात.